हनीफभाईंची पाऱ्याची नळी

मी पारोळ्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो. बाष्पदाबाच्या प्रयोगाला उपकरण नव्हतं. मागितलं की संस्थेचे लोक उंटावरून शेळ्या हाकत, म्हणे फळ्यावर आकृती काढा. आकृतीनं डोंबल कळतं पोरांना! शेवटी लॅबमधले शिपाई हनीफभाई पुढे झाले. दवाखान्यांच्या भंगारात रक्तदाब मोजायची जुनी यंत्रं येत, त्यातला पारा त्यांनी जमवला. काचेची नळी वितळवून एका टोकाला बंद केली, पाऱ्यानं भरली आणि पाऱ्याच्याच वाटीत उलटी उभी केली. खालून इथरचा थेंब सोडला की तो वर चढून वाफ व्हायचा आणि पारा झरझर खाली यायचा. मागच्या बाकावरची टगी पोरंसुद्धा उठून उभी राहायची.

साक्रीपासून नरडाण्यापर्यंत कुठल्याही शाळेनं मागावं, हनीफभाईंनी नळी करून द्यावी, असं चौदा वर्षं चाललं. मळलेला पारा ते घरीच सुती कापडात पिळून गाळायचे, काचही त्याच खोलीत वितळवायचे. खोलीची खिडकी बंद, कारण वाऱ्यानं बर्नरची ज्योत हलते. आपल्याकडच्या मे महिन्यातही बंदच.

गेल्या वर्षी चहाची बशी त्यांच्या हातात वाजायला लागली. वय झालं तुमचं, अशी मी चेष्टाही केली. लाज वाटते आता. मग सही बिघडली, हिरड्यांतून रक्त यायला लागलं. कधी आवाज न चढवणारा माणूस जेवणाचं ताट भिरकावतो, म्हणून सबीहाभाभी रडल्या. धुळ्याच्या डॉक्टरांनी लघवी तपासून घेतली, तर पारा निघाला. हात पूर्वीसारखे होतील असं सांगता येत नाही, म्हणाले. ज्या हातांनी काचेला काच जोडली, त्यांना शर्टाचं बटण लागेना.

मी भेटायला गेलो आणि गेल्या गेल्या भडकलो. इतकी वर्षं लॅबमध्ये काढली, पारा विषारी असतो एवढं कळू नये? हनीफभाई मांडीखाली हात दाबून बसले होते.

"सर, तुम्हीच दरवर्षी सांगायचे ना," ते म्हणाले, "पाऱ्याची वाफ इतकी कमी, की धरायचीच नाही. मी मागं उभा राहून ऐकायचो."

सांगायचो. गणितापुरतं ते खरंच आहे. पण बंद खोलीत तीच वाफ वर्षानुवर्षं अंगात साठते, हे पुढचं वाक्य मी एकदाही बोललो नाही. परीक्षेत ते विचारत नाहीत.