गगनवीर आणि आमचे दाजी

जमिनीवर चालताना जागोजागी ठेचकाळणारा आणि कागदावर मात्र आभाळात राहणारा आमच्या दाजींसारखा माणूस अख्ख्या बेळगावात दुसरा झाला नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या आक्काचे यजमान. शाळेत ड्रॉइंग मास्तर. ट्रेनिंग कॉलेजसाठी मी कडोलीहून त्यांच्या खासबागेतल्या घरी राहायला आले, तेव्हा लढाई जोरात होती आणि कँपात गोऱ्या सोजिरांची गर्दी होती. त्यांनी टाकलेलं एक रंगीत चित्रांचं पुस्तक दाजींना रद्दीवाल्याकडे सापडलं. त्यात अंगाला घट्ट कपडे घातलेला एक गडी अख्खी मोटार डोक्यावर उचलून उभा होता. दाजी ते छातीशी धरून घरी आले आणि चपला न काढताच म्हणाले, "आपल्याकडंबी असा एक पायजे."

तिथून गगनवीराचा जन्म झाला आणि दाजी दर रविवारी त्याची चित्रं काढू लागले. पण जन्माला येऊनही त्याला नक्की काय काय जमतं, हे बराच काळ दाजींनाच ठाऊक नव्हतं. पहिल्या रविवारी त्याने रुतलेली बैलगाडी उचलली. दुसऱ्या रविवारी किल्ल्याच्या तटावरून उडी मारून तो थेट कँपात उतरला. तिसऱ्या रविवारी तो उडाला, तेव्हा चुलीपुढून आक्काने विचारलं, "एवढ्या वरनं खाली बघून त्याला चक्कर येत न्हाय व्हय?" दाजी विचारात पडले. पुढचे कितीतरी रविवार गगनवीर चोरांचा पाठलाग सायकलवरून करत होता.

कपड्यांचं तर विचारूच नका. घट्ट कपडे आक्काला पसंत नव्हते. धोतर नेसवलं, तर उडताना सोगा तोंडावर येई. तो कसा येतो हे पाहायला दाजी स्वतः धोतर नेसून, पाठीला आक्काची शाल बांधून पाटावर चढले आणि पाटासकट पडले. शेवटी मल्लांसारखा काच्या आणि पाठीवर तांबडं उपरणं, असा तह झाला. पण थंडी पडली तशी आक्का म्हणाली, "उघडं फिरवू नका त्याला. वर लई गारठा असतोय." मग गगनवीराला लांब बाह्यांचा स्वेटर आला. त्या स्वेटरमध्ये त्याने खानापूरच्या जंगलातला वाघ धरला.

रस्त्यातसुद्धा दाजींना चैन नसे. वाऱ्याने कुणाच्या सदऱ्याला सुरेख चुणी पडली की ते त्याच्या मागे मागे चालू लागत. एकदा एक विणकर वैतागून वळला आणि म्हणाला, "मास्तर, माझ्याकडं काय काम हाय का?" दाजी म्हणाले, "तुमच्याकडं न्हाय, तुमच्या पाठीकडं हाय. तुमी चाला."

आक्काच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. त्या घरात त्याविषयी कुणी बोलत नसे. देवदर्शनं, उपास-तापास सगळं होऊन गेलं होतं. गगनवीर हे नाव हाक मारायला लांब पडतं म्हणून आक्का त्याला गगन्या म्हणायची. मला तेव्हा त्याचं नुसतं हसू यायचं. एकदा घटप्रभेच्या पुरावर, भर वादळात त्याला लोंबकळत ठेवून दाजी तापाने आजारी पडले. आक्का काढ्याचा पेला घेऊन उशाशी बसली, पण पेला काही पुढे करेना. "आधी त्याला काठाला आणा," ती म्हणाली, "मग काढा प्या." दाजींनी अंथरुणातच कागद घेऊन काठ काढला, त्यावर गगनवीराला बसवलं आणि मगच काढा घेतला.

अखेर निपाणीच्या एका छापखान्याचे मालक गगनवीराचं पुस्तक छापायला तयार झाले. तिथे एरवी बिडीची लेबलं छापत. पुस्तक निघालं खरं, पण रंग सरकले होते. उपरणं पाठीपासून वीतभर लांब आपलंआपण उडत होतं आणि गगनवीराचा एक गाल निळा झाला होता. दाजींनी तरीही ते शाळेत सगळ्यांना दाखवलं. पुस्तक खपलं नाही. पुढे मालकांनी बोलावणं धाडलं, तेव्हा दुसरा भाग निघणार या आशेने दाजी कोरा सदरा घालून निघाले. आक्का आणि मीही बरोबर होतो.

मालक माणूस वाईट नव्हता. चहा पाजून म्हणाला, "मास्तर, पुस्तक ऱ्हाऊ द्या. पण गड्याचं तोंड झकास हाय. त्याच्या तोंडात एक बिडी द्या, लेबलावर छापतो. घराघरात जाईल बघा तुमचा गडी."

घराघरात जाईल, हे ऐकून दाजींचे डोळे क्षणभर चमकले. त्यांनी आक्काकडे पाहिलं. परक्या पुरुषापुढे कधी मान वर न करणारी माझी आक्का उभी राहिली आणि म्हणाली, "आमचं पोरगं बिडी वढत न्हाय."

दाजींनी चित्रांची गुंडाळी उचलली. परतीच्या मोटारीत आक्काने ती त्यांच्या हातातून घेऊन मांडीवर ठेवली आणि धक्का बसला की ती गुंडाळीवर हात ठेवायची. मला त्या दिवशी हसू आलं नाही.

त्यानंतर गगनवीर कुठल्या छापखान्यात गेला नाही. रविवारी मात्र दाजी त्याला काढत राहिले. परदेशी पुस्तकातला गडी जन्मभर त्याच वयाचा राहतो म्हणतात. आमचा मोठा होत गेला. त्याला मिसरूड फुटली, खांदे रुंदावले, मारामाऱ्या कमी झाल्या. देश स्वतंत्र झाला त्या वर्षी, माझं लग्न होऊन मी आक्काकडे माहेरपणाला आले होते, तेव्हा आक्का भाकरी थापता थापता म्हणाली, "आता त्यानं घरात बसून कसं चालंल? जाऊ द्या त्याला कामाला कुठंतरी."

दाजींनी दिवसभर बसून चित्र काढलं. बेळगावचं स्टेशन, हातात ट्रंक आणि गाडीकडे निघालेला पाठमोरा तरुण. उपरणं नाही, साधा सदरा. आक्काने पिठाचे हात पुसले आणि कितीतरी वेळ ती चित्राकडे बघत राहिली.

"पाठ कशाला काढलासा?" ती म्हणाली. "तोंड तरी दिसलं असतं."

दाजी पेन्सिली गोळा करत होते. "तोंड काढायलाच बसलोतो सकाळी," ते म्हणाले. "मग जा म्हणवंना."