अक्षतांपाशी अडकलेला व्हिडिओ

व्हिडिओत ते दिसलं तवा वरच्या खोलीत आमी चौघं हुतो. म्या, चंद्राबाई. माझा थोरला ल्योक म्हादू. म्हादूचा पोरगा योगेश, लग्नाच्या शूटिंगा घेतो तो. आन हायवेवर कंप्युटर दुरुस्तीचं दुकान हाय तो फारूक. खाली न्हानीजवळच्या खोलीत माझी धाकटी सून रत्ना खाटंवर पडून हुती. ती वर नव्हती, वर येन्याजोगी बी नव्हती... तेवढं ध्यानात ठिवा.

शाळा म्हनाल तर माझी दुसरीपतुर. हे म्या सांगतीया आन योगेशची बायको स्वाती मोबाइलवर लिवून घेतीया. ती म्हनती, आजी, असल्या गोष्टी वाचनारी लई मान्सं हायत, तिथं टाकू. म्या भूत-भानामती कधी मानली न्हाय. नवरा गेला, मागनं धाकटा ल्योक सुभाष मोटरसायकलवरनं गेला. मसनवट्याच्या कडंनं म्या एकलीनं रानाला पानी दिलंय. कुनी आडवं आलं न्हाय. आडवी आली ती जित्ती मान्सं.

आमचं घर येरमाळ्यात, हायवेपास्नं जरा आत. खाली चार खोल्या, वर पत्र्याची एक. त्या पत्र्याच्या खोलीत योगेशचा कंप्युटर. वर जायाला लोखंडी जिना, एका मान्सापुरता.

सुभाष गेला तवा त्याची पूजा नुकती चालाय लागली हुती. रत्नानं तिला वाढवलं, शिकवलं. आन पोरगी लग्नाला आली तवा रत्नाच्या पोटात गाठ निघाली. सोलापूरच्या डॉक्टरनं तोंड वाकडं केलं तसं आमी घाई केली. लोहारा गावचं ठिकान जमलं. रत्नाचं म्हननं एकच — लेकीवर अक्षता पडलेल्या बगायच्या, मंग गेले तर गेले.

आता आमच्यात रीत अशी, की कपाळ पांढरं झालेली बाई अक्षताला पुढं येत न्हाय. मागं कुठंतरी भिताडाला उभी ऱ्हाती. कन्यादानाला म्हादू आन त्याची बायको बसनार, हे रत्नाला बी मालूम हुतं, त्याचं काय न्हाय. पन म्हादू म्हनला, लोहाऱ्याची मान्सं जुन्या वळनाची, त्यांच्या नजरंला बी पडाय नको. मांडवात मंगलाष्टकाची तयारी झाली तसं त्यानं रत्नाला न्हानीजवळच्या खोलीत घातलं. म्या बी विधवाच की, मला बी घातलं. बाहेरनं कडी लावली. लावता लावता म्हनला, "रडून नाट लावू नका. योगेश शूटिंग घेतुयाच. मागनं व्हिडिओत निवांत बग, पायजे तेवढ्या बारी बग."

आत खिडकी न्हाय. भोंग्यातनं मंगलाष्टका ऐकू येत हुत्या. रत्नाचा डावा हात माझ्या हातात हुता, समदा येळ. उजव्या हातानं तिनं पदराच्या गाठीतल्या अक्षता काढल्या, आन दर सावधानला बंद दारावर टाकत ऱ्हायली. दाराला लागून खाली पडत हुत्या. रडली न्हाय. मागनं म्या त्या झाडून गोळा केल्या, कोंबड्याला टाकल्या.

लग्नानंतर रत्ना उठलीच न्हाय. सोलापूरवाले म्हनले, घरी न्या. ती रोज इचारायची, योगेश, झाला का रे व्हिडिओ. म्हादूचं म्हननं, आधी गिऱ्हाइकाची कामं, घरचं कुठं पळून चाललंय. असं करत करत म्हयनं सरलं, तिचं पानी बी चमच्यावर आलं, तवा कुठं योगेशनं घरचा व्हिडिओ लावला.

तर कंप्युटर हलंना.

मला कळलं ते असं. शूटिंगचा व्हिडिओ लई दांडगा आसतो, मोबाइलात मावत न्हाय. त्याला दाबून बारीक करावं लागतं. कंप्युटरवर एक हिरवी पट्टी सरकत जाती, शेवटाला टेकली की झालं. ती पट्टी हळद, देवक, वरात समदं वलांडून यायची आन अक्षता सुरू झाल्या की बसायची. दुपार कलली तरी तितंच. डबडं असं तापायचं की हात लावू देईना.

योगेशनं डबडं उघडलं, रंगाच्या ब्रशनं धूळ काढली. घरातला फॅन त्याच्या तोंडाला लावला, खाली रत्ना घामानं भिजत पडली. जुनी लग्नं पुसून जागा केली. नेट बंद केलं, दुसरं कसलं साफ्टवेअर टाकलं, चित्र जरा कमी चांगलं निघू दे म्हनून बगितलं. पट्टी अक्षतापाशी.

मंग त्यानं फारूकला बलावलं. फारूकनं डबड्यात बघून म्हनलं, योगेशभाऊ, ह्यात तर अजून बी गिरनीएवढं धुळीचं पीठ निघंल. बराच येळ खटपट केली. म्हनला, डिस्क अधू झालीया, चालतीया तवर चालू द्या, जागची हलवू नका. म्हंजे कंप्युटर खाली आनून रत्नाला दावायची वाट बी बंद. म्या जिना चढून वर गेले आन म्हनलं, तिलाच खुर्चीत बसवून वर आना की, दोघं गडी हायसा. म्हादू खालनं वरडला न्हाय, सादं बोलला. "जिन्यात मेली तर वर न्यायची का खाली आनायची, ते तू ठरीव."

म्या तितंच खाली बसले.

फारूकला माझी कीव आली आसंल. मला समजावून सांगाय लागला. "आजी, जे हलत न्हाय ते कंप्युटर एकडाव बगतो आन सोडून देतो. भिताड बगितलं, झालं. जे हलतंय ते दर टायमाला नवं बगावं लागतं. अक्षता म्हंजे हजारो दानं हवेत. तितं बिचारा दमतो." मला पटलं. त्याला बी पटलं. पन त्यानं खात्रीला म्हनून एका गिऱ्हाइकाचं लग्न लावलं, यापरीस मोठं, दुप्पट मान्सं, त्यात अक्षता बी उधळल्याल्या... ती पट्टी सरळ गेली.

मंग त्यानं आमच्या व्हिडिओचे तुकडे केले. समदे तुकडे बारीक झाले, एक सोडून. त्या तुकड्यात अक्षता पडून मान्सं खाली बसली तरी पट्टी जागची हलंना. "आता तर काय उडत बी न्हाय," फारूक म्हनला, आन त्यो तुकडा एक एक चित्र थांबवून बगाय लागला.

माझं मोतीबिंदूचं आपरेशन झालंय, डोळं चांगलं हायत. म्या त्याच्या खांद्यामागनं बगत हुते. अंतरपाट खाली आलाय. पूजा मान खाली घालून. समद्यांचे हात वर. आन पूजाच्या मागं, तिच्या पाठीला लागून, रत्ना. कोंडलं तवा नेसलेली तीच चाकलेटी साडी. कपाळ पांढरं. मूठ वर उचललेली.

फारूकनं चित्र पुढं सरकवलं. बाकीच्यांच्या हातातनं अक्षता पडल्या. रत्नाची मूठ उघडली आन त्यातनं काय पडलं न्हाय. मान्सं खाली बसली तरी परत मूठ, परत उघडली. मोकळी.

योगेश म्हनला, "आजी, काकू बाहेर कवा आली? कॅमेरा माझ्या हातात हुता. तितं मांडवाचा खांब हुता नुसता."

एवढ्यात म्हादू वर आला. त्यानं बगितलं. म्या वाट बगत हुते, की ह्यो आता भिईल, निदान खाली बसंल. त्यानं मला इचारलं, कडी कुनी काढली.

"तूच लावलीस," म्या म्हनलं, "आन पंगती उठल्यावर तूच काढलीस. तिचा हात माझ्या हातात हुता."

म्हादूनं पडद्याकडं बोट केलं. मंग योगेशला म्हनला, "लोहाऱ्याच्यांनी व्हिडिओ मागितलाय. त्यांनी हे बगितलं तर पोरीला नांदू देतील का? काप ते. तेवढं काप आन बाकीचं दे काकूला."

योगेशनं कापलं. बापापुढं त्याचं चालत न्हाय. फारूकनं पेचकस पिशवीत घातलं, चहा बी न घेता जिना उतरला. आन त्या कापलेल्या व्हिडिओची पट्टी अशी पळाली की योगेशचा हात माऊसवरनं निघाला बी नव्हता.

म्याच मोबाइल रत्नाला दावला. तिच्या पोटावर उशी ठिवली, उशीला मोबाइल टेकवला. हळद बगितली. पूजाला मांडवात आनतेत ते बगितलं. अंतरपाट धरला. आन तितनं एकदम जेवनाच्या पंगती.

तिनं बोटानं मागं घ्यायला लावलं. परत अंतरपाट, परत पंगती.

"आत्याबाई, अक्षता पडल्या का न्हाय माझ्या लेकीवर?"

"पडल्या की."

"मंग मला का न्हाय दिसल्या?"

म्या तिला खरं ते सांगितलं. म्हनलं, रत्ना, तू तितं हुतीस, पूजाच्या पाठीशी, म्या आत्ता वर बघून आले. मला वाटलं तिला बरं वाटंल. तिनं माझ्याकडं बगितलं, लेकरू खोटं बोलल्यावर बगावं तसं.

"न्हाय आत्याबाई," म्हनली. "दाराला कडी हुती."

दिवस मावळायच्या आत गेली. माती सावडायला आलेल्या मान्साला म्हादू सांगत हुता, बगायचं हुतं ते बघून गेली, समाधानानं गेली. मान्सं माना हलवत हुती. म्या भाकरी थापत हुते.

दहावं झाल्यावर योगेश माझ्यापाशी आला. त्यानं कापलं हुतं ते फकस्त बारीक करायच्या व्हिडिओतनं. मूळ शूटिंग तसंच ठिवलं हुतं, बापाला न सांगता. आमी वर जाऊन लावलं. रत्ना हाय तितं. अजून हाय. योगेशनं मोबाइल धरून पडद्याचं शूटिंग घेतलं, तर मोबाइलात पूजा दिसती, म्हादू दिसतो, मान्सं दिसतेत, आन रत्नाच्या जागी मांडवाचा खांब. कंप्युटरवर बगावं तर ती. पेनड्राइव्हला घ्यावं तर मधीच बंद पडतं. तेवढाच तुकडा बारीक करायला लावला, तर पट्टी निम्म्यावर जाऊन बसती आन डबडं तापतं.

आता ह्यात काय समजायचं? म्या लई इचार केला. रत्नाला जाता आलं आसंल म्हनावं, तर तिला सोताला ठावं नव्हतं. ती तितं हुती आन तिला ते मिळालं न्हाय... असलं कसलं जानं. फारूकला इचारावं, तर त्यो आता आमच्या दारावरनं जाताना बी मान खाली घालून जातो.

आई व्हिडिओत हाय, हे पूजाला स्वातीनं सांगितलंय. पूजाचे दिवस भरत आलेत, सासरचे पाठवत न्हायत, आई गेली तवा बी पाठवलं न्हाय. रोज फोन करती, आजी, मला आई दाव. बाकी काय मागत न्हाय.

म्हादूनं कंप्युटरला गिऱ्हाइक बगितलंय. येत्या बाजारच्या दिवशी न्यायला येनार.

तवा हे कोन वाचत आसंल, त्याला माझं एवढंच मागनं हाय. ते खरं का खोटं, ते मला लिवून पाठवू नका. ज्याला ह्या कामातलं कळतंय त्यानं सांगावं, तेवढा तुकडा, तिच्यासकट, बारीक कसा करायचा. जरा लौकर सांगा.