बाळा घाडी यांचं अर्धं राहिलेलं गाऱ्हाणं

शी! त्या बागेचं नावसुद्धा काढू नका माझ्यापुढे. कांदिवलीतली आमची जुनी बाग हो, इंग्रजांच्या काळातली. मधोमध दगडी बंगला, त्यात आता सरकारी कचेरी आहे. लग्न होऊन आले तेव्हा खोलीत दीर, सासू, सासरे सगळे एकत्र. दोन शब्द बोलायचे तर आमचे हे मला त्या बागेत घेऊन जायचे. तेव्हा तिथे बकुळ होती. आता सुशोभीकरण झालंय म्हणे! बकुळ तोडून फायबरचा जिराफ उभा केलाय. हिरवळ उपटून प्लास्टिकची अंथरलीय, ऊन चढलं की तिला जळक्या रबराचा वास मारतो. आणि बंगल्याच्या नव्या पायऱ्यांवर उद्घाटनाच्या आधीच गुटख्याच्या पिचकाऱ्या. थू तुमच्या जिंदगानीवर!

आमचे हे म्हणजे बाळा घाडी, मालवणकडचे. कापडाच्या मिलमध्ये साचे चालवले, मिल बंद पडली तसे वॉचमन झाले. मुलाच्या वयाचे सुपरवायझर 'ए बाळा' म्हणून हाका मारायचे, हे निमूट उठायचे. उलट शब्द कधी नाही. मलाच राग यायचा. सगळ्या जन्मात यांना मान एकच, गाऱ्हाण्याचा. आमच्याकडे कुठलंही काम सुरू करायच्या आधी देवाला हाक मारून सगळं सांगायचं, मागायचं, आणि प्रत्येक मागण्याला जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. त्याशिवाय ते देवाला पोचत नाही. हा मान यांच्या घराण्याचा. चाळीत कुणाची पूजा असो, दुकान असो, गाऱ्हाणं घालायला बाळा घाडीच लागायचे.

तर चाळ कमिटीचा राजेश आला. "काका, बागेतल्या बंगल्याचं नवीन काम झालंय, त्याचं उद्घाटन आहे. पाहुण्यांना आपलं मालवणी गाऱ्हाणं पाहिजे. एकदम झकास होऊ दे!"

यांचा चेहरा असा फुलला! पण यांचं प्रोस्टेट वाढलंय, लघवी धरवत नाही. हल्ली लाजेने कुठे जातच नाहीत. मी राजेशला बाजूला घेऊन विचारलं, "तिथे बाथरूम आहे ना रे?"

"काकी, नवीन टाइल्सचं आहे. टेन्शन नको!"

गेलो. यांनी दाढी केलेली, पांढरं धोतर, डोक्याला टोपी. पाहुण्यांचा पत्ता नाही. उन्हात बसवून ठेवलं. थोड्या वेळाने हे माझ्याकडे बघायला लागले, मी समजले. बंगल्यामागे गेलो तर बाथरूमला कुलूप. तिथला वॉचमन मिथुन बिचारा तोंड पाडून म्हणाला, "पाहुणे येईपर्यंत उघडायचं नाही, साहेबांची ऑर्डर आहे. मी तरी काय करू, काकी?"

मी कचेरीतल्या त्या साहेबाकडे गेले. "साहेब, म्हातारा माणूस आहे हो. पाच मिनिटं उघडा."

त्याने मोबाइलमधून डोकं वर काढलं, यांना खालपासून वरपर्यंत बघितलं आणि नाक मुरडलं. "आजी, आताच फिनाइल मारलंय. घाण झाली तर परत कोण धुणार? स्टेशनजवळ आहे ना पब्लिकचं."

स्टेशन कुठे, हे कुठे! मी यांना म्हटलं, "चला, त्या झाडामागे उभे राहा. मी आडोसा धरते." तर हे म्हणाले, "ह्या बागेत? नको गो. मी धरतंय." ओठ घट्ट मिटून परत खुर्चीत जाऊन बसले.

शेवटी पाहुणे आले. हार झाले, फोटो झाले, यांना पायऱ्यांवर उभं करून हातात माइक दिला. यांनी डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा! आज ह्या जा काय काम झाला हा, त्येका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी बाग गरजली. अर्धी कांदिवली आमच्याकडचीच.

"लेकराबाळांका सुखी ठेव रे..." आणि आवाज थांबला. मी खाली बघितलं. धोतर ओलं, पाय ओला, पायाखालच्या लाल कार्पेटवर डाग पसरत चाललेला. पोरं फिदीफिदी हसली, दोघातिघांनी मोबाइल वर केले. आणि तो साहेब काय बोलावा? "अरे यार, कार्पेटची वाट लागली!"

माझं डोकंच फिरलं. पायऱ्या चढून गेले, पदर पसरून यांच्यापुढे उभी राहिले आणि माइक ओढून घेतला. आमच्यात बायका गाऱ्हाणं घालत नाहीत. गेलं खड्ड्यात!

"बा देवा म्हाराजा! ज्या कोणी ह्या म्हाताऱ्याक मुताक जागा दिल्यान नाय, त्येच्या घरच्या संडासाक असाच कुलूप पडांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

तोंडाला सवय हो सगळ्यांच्या. पाहुणे हात जोडून व्हय म्हाराजा. साहेबसुद्धा! मग आपण काय बोललो ते डोक्यात शिरलं, तसे जोडलेले हात खाली आले. मी यांना हात धरून बाहेर काढलं.

घरी आलो. मी पाणी तापवून दिलं. आंघोळ करून आले, जेवायला बसवलं तर उठले आणि देवाच्या फोटोपुढे हात जोडून उभे राहिले.

"अहो, आता काय?"

"गाऱ्हाणा अर्धा रवला. अर्धा टाकूचा नसता."

आणि हळू आवाजात सुरू झाले. "लेकराबाळांका सुखी ठेव रे म्हाराजा. ज्येंनी माका मानान बोलवल्यानी, त्येंचा बरा कर रे म्हाराजा. त्या सायबाचा पण बरा कर. माझी बायको रागान काय बोलली, ता मनात धरू नको रे म्हाराजा."

थांबले. खोलीत मी एकटीच. हात जोडून, डोळे मिटून हे वाट बघत राहिले.

मी 'व्हय म्हाराजा' म्हटलं नाही. अजून नाही म्हटलेलं.