थांबाभाऊ आणि लाल ठिपका

आमच्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं आहेत. एक माझं, दुसरं थांबाभाऊंचं. त्यांच्या घरात वाटीभर साखर मागायला गेलेलं माणूस तासाभराच्या आत बाहेर पडलेलं मी तरी पाहिलेलं नाही. तुम्ही उठायला लागलात की ते मऊ आवाजात म्हणणार, "थांबा, एक मिनिट." मग चहा येतो. चहा संपला की बिस्किटं. बिस्किटं नको म्हणालात तर पंखा वाढवतील, पंखा नको असेल तर खिडकी उघडतील. त्यांची बायको औषधांच्या दुकानात काम करते, हिशेबी बोलते. ती म्हणते, "लग्नाआधी मी यांना नकार द्यायला गेले होते गं. अजून बसलेय."

हा स्वभाव म्हणावा की धंदा, हे देवालाच ठाऊक. थांबाभाऊ निळ्या मोबाइल कंपनीत कामाला होते आणि त्यांचं काम एकच, कंपनी सोडून निघालेल्या गिऱ्हाइकाला फोनवर अडवायचं. चौदा वर्षं! बाराजणांची खोली, कानावर हेडफोन, समोर संगणक. आपल्या गावात कंपन्या दोन, निळी आणि पिवळी. निळीला कंटाळलेला माणूस फोन करून म्हणणार, "मी पिवळीत चाललो." की फोन थांबाभाऊंकडे.

"वहिनी, भांडायचं नाही," ते मला सांगत. "आधी विचारायचं, किती वर्षं आमच्याबरोबर आहात? मग गप्प बसायचं. माणूस स्वतःच जुन्या आठवणी काढतो. सोडून जायचंच असेल तर कुणी फोन करत नाही हो, सरळ जातो. फोन करतो तो थांबवून घ्यायला." आणि मग सवलत द्यायची. मलाच त्यांनी दोनदा थांबवलंय. दुसऱ्या वेळी तर निम्म्या दरात! मी आवाज बदलून बोलले होते, तरी शेवटी म्हणाले, "कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या मॅडम, गॅस बंद करा."

गेल्या वर्षी बातमी आली की निळी आणि पिवळी एक होणार. मोठ्या मोठ्या जाहिराती आल्या. दोन हात, एकमेकांत गुंफलेले, निम्मे निळे, निम्मे पिवळे. थांबाभाऊ खूश! मोठी कंपनी, मोठं ऑफिस, कदाचित खुर्चीला चाकंही मिळतील. मीही खूश, कारण जाहिरातीतली मुलगी हसरी होती. सरकारच्या आयोगाने मात्र मध्येच खोडा घातला. दोघींना एक होऊ द्यायचं का, हे आधी लोकांना विचारू, महिन्याभराने सभागृहात सुनावणी, ज्याला बोलायचंय त्याने यावं. आम्ही म्हटलं, यांना काय करायचंय मध्ये पडून? दोन दुकानं एक होतात, होऊ देत की.

आणि त्याच आठवड्यात ताईंचा फोन आला.

ताई म्हणजे थांबाभाऊंची मोठी बहीण. नदीपलीकडे राहते, घरातच कपडे दुरुस्त करून देते. चेन बदलणं, बाह्या आखूड करणं असली कामं. तिची सगळी गिऱ्हाइकं फोनवर. दर वाढला म्हणून तिने कंपनीला फोन लावला, आणि बाराजणांतून नेमका भावाकडे लागला! तिकडचं बोलणं सगळं ध्वनिमुद्रित होतं, त्यामुळे नियमाप्रमाणेच बोलायला हवं. तो प्रसंग ताईंनी मला नंतर दहा वेळा करून दाखवलाय.

"मी पिवळीत चालले!" ताई म्हणाल्या.

"थांबा मॅडम, एक मिनिट."

"अरे, मी ताई बोलतेय!"

"हो मॅडम. किती वर्षं आमच्याबरोबर आहात?"

"तू जन्मलास तेव्हापासून!"

पलीकडे संगणकाची टकटक. मग थांबाभाऊंचा आवाज, कोरडा. "फोन केल्याबद्दल आभारी आहोत, मॅडम." आणि फोन बंद. सवलत नाही, थांबवणं नाही, काही नाही.

रविवारी ताई बसने थेट इकडे. पर्स खाली ठेवली नाही, चप्पल काढली नाही. मी अर्थातच साखर मागायला आत होते.

"आभारी आहोत? मला? लहानपणी तुझी नाकं पुसली मी, आणि आभारी आहोत?"

"ताई, कामावर होतो गं."

"आणि ही?" माझ्याकडे बोट! "हिला निम्म्या दरात दिलंस. ही तुझी कोण?"

मी वाटीत बघत उभी राहिले. साखर मोजायला घेतली असती तर बरं झालं असतं.

थांबाभाऊंनी खिडकी उघडली, मग बंद केली. मग खुर्चीत बसले आणि खरं काय ते बोलून गेले. फोन आला की गिऱ्हाइकाच्या नावापुढे पडद्यावर एक ठिपका येतो. हिरवा असला तर जास्तीत जास्त सवलत द्यायची, जाऊ द्यायचं नाही. लाल असला तर काही द्यायचं नाही, आभार मानायचे. ठिपका माणूस बघून पडत नाही, पत्ता बघून पडतो. "जिथे पिवळीचा टॉवर पोचतो, तिथे हिरवा. नदीपलीकडे तो पोचत नाही. तू पिवळीत जाते म्हणालीस तरी जाणार कुठे? म्हणून लाल."

ताई शिकलेल्या सातवीपर्यंत. पण कापडाचा तुकडा बघून अख्खा सदरा डोळ्यांपुढे आणणारी बाई ती. ती लगेच म्हणाली, "म्हणजे हिला सवलत तू दिली नाहीस. पिवळीने दिली. पिवळीच्या भीतीने."

"तसं म्हण."

"आणि दोघी एक झाल्या की?"

थांबाभाऊंनी पुन्हा खिडकी उघडली. चौदा वर्षं ठिपके बघणाऱ्या माणसाच्या डोक्यात हे आलंच नव्हतं! हळूच म्हणाले, "सगळीकडे लाल."

"मग तुला कशाला ठेवतील? कुणी सोडून जाऊच शकत नाही, तर अडवायचं कुणाला?"

त्या दिवशी मी निघाले तेव्हा ते थांबा म्हणाले नाहीत. लग्न होऊन या घरात आल्यापासून पहिल्यांदा!

ताईंनी ठरवलं, सुनावणीत बोलायचं. थांबाभाऊंनी ठरवलं, आपण बोलायचं नाही. कारण ठिपक्यांची गोष्ट बाहेर सांगणार नाही, असा कागद त्यांनी सही करून दिलेला. सांगितली तर त्याच दिवशी घरी. बायकोने तर बजावलंच, "ताईंना सोडायला जा. मागे बसा. तोंड उघडायचं नाही." आणि माझ्याकडे वळून, "तू यांच्या शेजारी बस. उघडलं तर बंद कर."

सभागृह गच्च भरलेलं. प्लास्टिकच्या खुर्च्या, वर फिरता फिरता कुरकुरणारे पंखे, समोर लांब टेबलामागे आयोगाच्या अध्यक्षबाई आणि दोन साहेब. आम्ही शेवटच्या रांगेत. थांबाभाऊंनी टोपी घातलेली, कपाळापर्यंत. जणू बँक लुटायला आलेत.

कंपन्यांचे वकील काय बोलले म्हणून सांगू! एका टेकडीवर निळीचा टॉवर, शेजारी पिवळीचा टॉवर, दोघांना वेगळी वीज, वेगळा पहारेकरी. हा खर्च वाचला तर ज्या डोंगरात आजही फोन लागत नाही तिथे टॉवर उभे करू. एक निवृत्त मास्तर उठून म्हणाले, "माझ्या गावात आजारी माणसासाठी डॉक्टरला फोन करायला टेकाडावर चढावं लागतं. होऊ द्या एकदाचं." मी टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला बोलू, मला पटलं होतं. थांबाभाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, की टाळ्या अर्ध्यावरच थांबल्या.

मग ताई माइकसमोर गेल्या. "मी नदीपलीकडची. मला सवलत मिळत नाही, अलीकडच्यांना मिळते. कारण तिकडे पिवळी नाही. दोघी एक झाल्या की सगळे नदीपलीकडचे."

वकील हसले. गोड, कुचकं नाही. "ताई, आमच्याकडे सर्व गिऱ्हाइकांना एकच नियम. आपल्याला गैरसमज झालाय. काही पुरावा आहे का?"

ताईंनी मागे पाहिलं नाही. एकदाही नाही! भावाची नोकरी जाईल म्हणून ती बाई ओठ घट्ट मिटून उभी राहिली. अध्यक्षबाई म्हणाल्या, "पुरावा नसेल तर आपण बसा." ताईंनी पर्स उचलली. त्या बसल्या नाहीत, दाराकडे चालू लागल्या. तोंड लाल, पाठ ताठ. आता गेल्याच.

आणि इथे मी चुकले. माझा हात थांबाभाऊंच्या तोंडापर्यंत पोचेपर्यंत उशीर झाला होता. समोरून कुणी उठून जातंय हे त्या माणसाला सहनच होत नाही हो!

"थांबा मॅडम, एक मिनिट."

सभागृहातल्या सगळ्या माना मागे वळल्या. मग तिसऱ्या रांगेतून एक जण ओरडला, "अरे, हा तर तो!" दुसरा उठला, "यानेच मला अडवलं होतं, दोन वर्षांपूर्वी!" "मलाही!" एक आजी काठी टेकत उभ्या राहिल्या, "आवाजावरून मला वाटलं होतं उंच असेल." चेहरा कुणीच पाहिलेला नाही आणि आवाज अख्ख्या गावाला पाठ!

अध्यक्षबाईंनी टेबल ठोकलं. "आपण कोण?"

थांबाभाऊंनी टोपी काढली. "मी... मी थांबवतो, मॅडम."

हसण्याचा गडगडाट. पण ते चालत माइकपाशी गेले आणि बोलायला लागले, तेव्हा हसणं विरलं. ठिपका म्हणजे काय ते सांगितलं. वकील मध्ये पडले, "यांनी गुप्ततेच्या कागदावर सही केलीय!" अध्यक्षबाई शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे गुप्त ठेवण्यासारखं काहीतरी आहे. बोला."

मग थांबाभाऊंनी डोळे मिटले आणि गाव म्हणून दाखवलं. "स्टेशनमागची वस्ती, हिरवा. बाजार, हिरवा. खाणीचा रस्ता, लाल. नदीपलीकडे, लाल. दवाखान्याचा चौक, हिरवा, पण मागच्या वादळात पिवळीचा टॉवर पडला तेव्हा दोन महिने लाल."

"म्हणून!" मधल्या रांगेतून एक सलूनवाला किंचाळलाच. "म्हणून तेव्हा मला नाही म्हणालात! आणि टॉवर उभा राहिल्यावर निम्म्यात दिलंत!"

"हो दादा. माफ करा. तेव्हा आपण लाल होतात."

वकील पाणी प्यायले. अध्यक्षबाईंनी लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "ठिपक्यांची पूर्ण यादी आठ दिवसांत हजर करा."

दुसऱ्या दिवशी थांबाभाऊंना कामावर घेतलं नाही. पुढचं पत्र येईपर्यंत घरी बसा. ते तीन आठवडे! बायको रागाने कपाटं आवरत सुटली. ते दारात उभे राहून जिन्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवायचे. गॅसवाला तर आमचा मजला टाळायला लागला.

अखेर निकाल आला. यादी भाऊंनी म्हटली तशीच निघाली, एक गल्ली सोडून, आणि त्या गल्लीबद्दल ते अजून भांडतात. आयोगाने सांगितलं, कंपन्या एक व्हायच्या नाहीत. मात्र ज्या डोंगरात कुणाचाच टॉवर नाही, तिथे दोघींनी मिळून एक उभा करायला हरकत नाही. मास्तरांचं काम झालं. मी जिन्यात नाचले, गुडघा धरला, ते वेगळं.

आणि चार दिवसांनी निळीचं बोलावणं. साहेबांच्या खोलीत, अकरा वाजता. आम्ही सगळे थांबाभाऊंच्या घरी जमलो. ताई आल्या होत्या, सुईदोरा घेऊन, हाताला काम हवं म्हणून. बारा वाजले. एक वाजला. बायको म्हणाली, "हाकलायला दोन तास लागतात का?"

सव्वाला भाऊ आले. बसले. पाणी प्यायले. आमचा जीव टांगणीला आणि हे ग्लास पुसून ठेवतायत.

"अहो, बोला!" बायको ओरडली.

"काढायलाच बोलावलं होतं. साहेबांच्या हातात पत्र होतं. मी म्हटलं, काही हरकत नाही, हे माझं पत्र. पिवळीचं. निकालानंतर काल त्यांचा फोन आला, तिकडे याच कामाला बोलावलंय."

"मग?"

"साहेबांनी स्वतःचं पत्र खणात टाकलं. आणि म्हणाले..." इथे या माणसाने ग्लास पुन्हा पुसला. "म्हणाले, थांबा, एक मिनिट."

आम्ही किंचाळलो!

"मग विचारलं, किती वर्षं आमच्याबरोबर आहात? मग गप्प बसले. मग चहा मागवला. मग बिस्किटं. पगार वाढवला. मी उठलो तर पुन्हा वाढवला. खुर्चीला चाकं देतो म्हणाले. मी दीड तास ऐकत होतो, वहिनी. चौदा वर्षांत मला कुणी थांबवलं नव्हतं. फार बरं वाटतं हो."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

थांबाभाऊंनी पाठ ताठ केली. तोच मऊ आवाज काढला. "बोलावल्याबद्दल आभारी आहे, सर."

बायको हसत सुटली, मग रडली, मग चहा टाकायला गेली. ताईंनी दाताने दोरा तोडला, भावाकडे नीट न्याहाळून पाहिलं आणि म्हणाल्या, "अरे, म्हणजे तुझ्या नावापुढे हिरवा होता की!"