आईला नाकारलेलं दार

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या पंच कमिटीनं माझ्या आईला फसवलं. शब्द त्यांनी मला दिला होता, म्हणून मलाही.

राहात्याजवळच्या आमच्या गावातलं चर्च मिशनच्या काळातलं, काळ्या दगडाचं. छप्पर खचलं तेव्हापासून रविवारची भक्ती शाळेच्या पत्र्याखाली व्हायची. शेवटी ठरलं, चर्च दुरुस्त करून लग्न, साखरपुडे, सभांना भाड्यानं द्यायचं, रविवार आपला. संगमनेरचा एक मंगल कार्यालयवाला खर्च करायला तयार झाला. त्याच्याशी बोलायला मला बसवलं, कारण मी भंगार गोळा करण्यापासून जुन्या लाकडाच्या वखारीपर्यंत आलेला माणूस. भाव करायला मी शिकलो ते याच चर्चमध्ये. कापणीच्या सणाला भोपळे, कोंबड्या, अंडी लिलावाला यायची. बोली चढवायची कशी आणि गप्प बसायचं कुठं, हे आईच्या शेजारी बसून पाहिलं.

तो म्हणाला, "तारीख दिली की दिली. ऐनवेळी हलवायची नाही."

"मयत सोडून. आमच्यात मयत आधी चर्चमध्ये येते, मग कब्रस्तानात."

"अहो शेठ, नवरी स्टेजवर आणि दारात पेटी?"

"मग छपराचं लाकूड दुसरीकडं बघा," म्हणून मी उठलो. त्यानं हात धरून बसवलं आणि कबूल केलं.

करार लिहायचं काम कमिटीच्या अध्यक्षांकडे होतं. निवृत्त हेडमास्तर, सगळे त्यांना सर म्हणतात. मी चार फळ्या घेतल्या तरी चिठ्ठी मागतो. सर वेदीजवळ उभे राहून म्हणाले, "आईची काळजी करू नको. ते मयतीचं कलम घालतो." वेदीजवळच्या शब्दाचा कागद आमच्यात कोणी मागत नाही. मीही मागितला नाही.

काम सुरू झालं. जुन्या पद्धतीनं दगडी घाणीत चुना मळला, तुळया मी खरेदीच्या भावात दिल्या. आई काठी टेकत रोज यायची. अंगात बळ होतं तोवर चर्च तिनंच झाडलं होतं. गवंड्यांवर ओरडायची, "तिथं थुकू नका रं, देवाचं घर हाय!" छप्पर चढलं त्या दिवशी मला म्हणाली, "झ्याक झालंय. आता मला ह्याच दारातनं न्या, म्हंजी झालं."

चर्च भाड्यानं जाऊ लागल्यावर एका शुक्रवारी सकाळी ती गेली. दुपारी पेटी घेऊन पोचलो तर दाराला फुलांची कमान आणि आत डीजे. कार्यालयवाल्याचा मॅनेजर हात जोडून आला. "आज साखरपुडा, उद्या लग्न. रविवारी या ना." त्यानं करार उघडून दाखवला. मी दोनदा वाचला. मयतीचं कलम नव्हतं.

सरांना फोन लावला.

"अरे, त्यानं ते काढायला लावलं. नाहीतर सही करत नव्हता. म्हटलं, वेळ येईल तेव्हा बघू."

"वेळ आलीय सर. दारात ठेवलीय."

"आज पत्र्याखाली घे. मंडळीचा विचार कर."

मी कमानीला हात घातला. बांबू निम्मा उपटलाही होता. बहिणीनं मनगट धरलं, "दादा, आईसमोर नको." निदान मयतीची घंटा वाजवू द्या म्हणालो. मॅनेजर म्हणाला, पाहुण्यांना बरं वाटणार नाही.

पाळकांनी शाळेच्या पत्र्याखाली प्रार्थना केली. ती गाण्यांच्या आवाजात मला ऐकू आली नाही. आईच्या पेटीला त्या दाराची चौकटही लागली नाही.

आता लोक म्हणतात, सरांमुळे चर्च वाचलं. वाचलं, खरं आहे. तुळया माझ्या आहेत, त्या माझ्यामागंही टिकतील हे मला ठाऊक आहे.

सर, ते कलम तुम्ही खोडलंत तेव्हा आई जिवंत होती आणि माझी वखार तुमच्या घरापासून हाकेवर होती. मला का सांगितलं नाहीत? येत्या रविवारी भक्ती संपल्यावर, शब्द दिलात तिथंच वेदीजवळ उभे राहा आणि मंडळीसमोर याचं उत्तर द्या. मी पुढच्याच बाकावर बसतो.