मामांची तेलाची कुपी

टायपिंगचा निकाल लागला, मी पास झाली, आणि त्याच दिवशी सौसरला आमच्या घरी निरोप आला... पांढुर्ण्याचे मामा गेले. आज महिना झाला. सांगायचं एवढं आहे की सगळं एकदमच धावून येतं.

मामांचा पांढुर्ण्यात टायपिंगचा क्लास होता, सहा मशीनी. मी त्यांच्याकडेच राहून शिकली. दर रविवारी ते रॉकेल आणि ब्रशनं अक्षरं धुवायचे, मग कुपीतून तेलाचा एक थेंब. दुसरा नाही! "जास्त तेल धूळ धरते, अन् मंग मशीन बसते." मला मात्र वेगळंच ऐकवायचे, "हळू बडव व माय, मशीन आहे, धुणं नोहे!"

मग ते विसरायला लागले. आधी पोरांची नावं, मग घरचा रस्ता. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, श्वासातला प्राणवायूच शरीरात वापरला जाताना थोडी नासधूस करतो. तरुणपणी शरीर ती भरून काढतं, म्हातारपणी जमत नाही. लोखंडाला गंज चढतो, तसंच काहीसं मेंदूचं होत असावं. पक्कं अजून कोणालाच माहीत नाही. मला तर हे इतकं भारी वाटलं! परतताना गाडीत सगळा रस्ता मी मामांना तेच समजावत होती. ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "गंज हाय तं तेल द्या लागते."

तेवढंच त्यांच्या डोक्यात राहिलं. तेल द्यायचे, दिलं हे विसरायचे, पुन्हा द्यायचे. सगळ्या मशीनी चिकट झाल्या. परीक्षा आठ दिवसांवर! मी चिडून कुपी उपासाच्या पिठाच्या डब्यात तळाशी लपवली.

"कुपी कुठी आहे व?"

"मले काय माहीत? तुम्हीच हरवली असन."

त्यांनी ते खरं मानलं.

परीक्षा देऊन मी सौसरला आली. खरं सांगायचं राहूनच गेलं. एका दुपारी मामा रिकामी शिशी घेऊन तेल आणायला निघाले. दुकान घरासमोर होतं. ते सापडले जाम नदीपलीकडे, सावरगावात, उन्हात पडलेले. मामी म्हणाली, "रोज म्हणत, कुपी माह्याच हातानं हरवली."

तेरवीनंतर पांढुर्ण्यातच मी डब्यातून कुपी काढली, पीठ पुसलं. हे त्यांच्याच मशीनवर लिहून राहिली आहे. तेलात धूळ बसून अक्षरांच्या दांड्या अडकतात, एकेक बोटानं सोडवावी लागते. रॉकेल, ब्रश शेजारीच आहेत. मशीन अजून धुतली नाही... आता मी हळू टाइप करते.