पट्टी सरळ, भुई नाही

२२ जानेवारी १९२०, गुरुवार. सकाळी थंडी. कामाच्या कुशाबाईने मिरच्या निवडल्या. चिमाजी दुपारी एक वाजून पस्तीस मिनिटांनी आला.

यजमान वारल्यापासून मी जुन्नरला नथमलशेठजींच्या हिरड्याच्या पेढीसमोर राहते. चिमाजी मढचा. पन्नाशीचा, काटक. शेठजींची चिठ्ठी पागोट्यात खोचून तो एक दिवस मढला जाई आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कोंबड्याला निघून हिरडा किती जमला त्याचा निरोप घेऊन परत येई. वीस वर्षे हेच त्याचे काम. पेढीत शिरण्याआधी माझ्या पायरीवर बसून तो तांब्याभर पाणी पिई. मी घड्याळ पाहून वेळ वहीत टिपत असे. ही सवय कॉन्व्हेंटच्या शाळेतली.

त्या महिन्यात शेठजींचा पुतण्या मांगीलाल पेढीवर आला. त्याने तालुक्याचा नकाशा आणला, जुन्नर ते मढ पट्टीने रेघ ओढली आणि चिमाजी मधल्या डोंगराला वळसा घालतो असे ठरवले. वाटेत सासुरवाडी आहे का, असेही त्याने चारचौघांत विचारले. चिमाजीने दोन फेऱ्या रेघेवरूनच जाऊन याव्यात. तेव्हा तो लवकर पोहोचला, तर इतकी वर्षे कामचुकारपणा केला असे धरून त्याला काढायचे, असे ठरले. मढला चिमाजीचे खाचर दोन पायल्या भाताचे. घर या कामावर चाले.

ही दुसरी फेरी होती. पाणी पिऊन चिमाजी पेढीत गेला. मीही वही घेऊन गेले. त्याच्या वाटेने आलेल्या आधीच्या अकरा परतफेऱ्या मी वाचून दाखवल्या: सगळ्या अकरा ते साडेअकराच्या आत. रेघेवरच्या दोन्ही एकनंतरच्या.

मांगीलाल म्हणाला, म्हातारा मुद्दाम रेंगाळला असेल. सरळ वाट लांब कशी होईल?

तेव्हा चिमाजी एवढेच बोलला, "शेट, पट्टी तुमची सरळ हाय. भुई न्हाई."

मी घरून सुतळी आणली. हिरडा भरायची बांबूची खोल पाटी डोंगरासारखी पालथी घातली. दोन बाजूंना दोन हिरडे ठेवले, एक मढ, एक जुन्नर. सुतळी मांगीलालच्या रेघेसारखी पाटीच्या माथ्याजवळून नेली, एक टोक मी धरले आणि दुसरे त्याला दिले. ओढा म्हटले. त्याने ताणली, तशी ती घसरून पाटीच्या कडेला आली आणि त्याच्या हातात चार बोटे सुतळी जास्त उरली. वरून पाहिले तर वळसा दिसत होता. पण ताणलेल्या दोरीपेक्षा सरळ आणखी काय असते?

शेठजी हसले. मांगीलालला म्हणाले, "उद्या तू जाऊन ये रेघेवरून." मग चिमाजीला चिठ्ठी दिली आणि त्याच्या वाटेने जायला सांगितले.

बाहेर आल्यावर मी चिमाजीला मुंबईच्या वर्तमानपत्रातले कात्रण वाचून दाखवले. गेल्या वर्षीच्या ग्रहणात सूर्याजवळून येणारा ताऱ्याचा उजेड किंचित वळलेला आढळला. सूर्याच्या भारामुळे त्याच्या भोवतालची जागाच वाकते, आणि जागेबरोबर वेळही. उजेड त्या जागेतून आपल्या परीने सरळच येतो. पृथ्वीलाही सूर्याने दोरीने बांधलेले नाही. वाकलेल्या जागेत तिची सरळ चाल म्हणजेच ते फिरणे. मी हेही सांगितले की दाखला अपुरा आहे: डोंगर भुईवर बसलेला असतो, इथे वाकते ती भुईच, आणि ती डोळ्यांना दिसत नाही.

चिमाजीने विचारले, "आन् आधी काय म्हनत व्हते?"

मी म्हटले, सूर्य ओढतो म्हणून सगळे वाट सोडून वळतात, असे म्हणत होते.

"मंजी उजेडावर बी वळशाचा आळ व्हता." त्याने तांब्या पालथा ठेवला. "त्याचं बी काम टिकलं म्हना की, बाई."

पुढे आठ वर्षे तो त्याच वाटेने येत राहिला. मांगीलालने नकाशा भिंतीवर टांगला, पण पट्टी पुन्हा काढली नाही.

त्या संध्याकाळी वहीत शेवटी लिहिले आहे: सुतळी पेढीवरच राहिली. मिरच्या टांगायला दोरी नाही, म्हणून सुपातच ठेवल्या.